आधी डॉक्टर हो, मग कर काय ते नाटक!

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, रविवारी ये इकडं. याला जरा समजाव. आमचं तर ऐकायचंच बंद केलंय त्यानं."

'हा' म्हणजे माझा भाचा. यंदा बारावीला आहे. पाचवीत असताना शाळेच्या बालनाट्यात त्याने म्हाताऱ्याचं काम केलं होतं आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. तेव्हा घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता तेच पेढे अंगाशी आलेत. त्याला नाटक-सिनेमा शिकायचाय आणि घरच्यांना तो डॉक्टर व्हायला हवाय. आता यात मी काय समजावणार? पण मामा असलं की ही कामं आपोआप अंगावर येतात.

शिरूरहून दौंडला जायचं तर मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरतो. उसाचे दिवस होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर कर्ण्यातून वाजणारी गाणी, आणि मागे माझ्यासारख्यांची रांग. पारगावला भीमा ओलांडली, पुढे चौफुल्याला कलाकेंद्रांचे बोर्ड दिसले. मग पाटस आणि दौंड. हा रस्ता मी शेकडो वेळा केलाय. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर तो मला जरा वेगळा दिसला. त्याचं कारण पुढे येईलच.

जेवणं झाली आणि दाजींनी विषय काढला. दाजी रेल्वेत, त्यांचे वडीलही रेल्वेत. ते म्हणाले, "आमचं नाही कुठं म्हणणं आहे? कर की नाटक. पण आधी डॉक्टर हो. आपल्या दौंडचे जब्बार पटेल बघ. दवाखाना पण चालवला आणि सिनेमे पण काढले. श्रीराम लागू डॉक्टर, मोहन आगाशे डॉक्टर. आधी पोटाचं बघायचं, मग हौस."

भाचा इतका वेळ मान खाली घालून बसला होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, "पप्पा, तुम्ही त्यांचा कुठला सिनेमा बघितलाय?"

दाजी गप्प. बहीण पण गप्प. खरं सांगायचं तर मीही जरा चुळबुळलो. 'सामना' मी कॉलेजात असताना पाहिला होता, 'सिंहासन' टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत. ज्या माणसाचं नाव आपण मुलांच्या तोंडावर फेकून मारतो, त्याचं काम आपण बघितलेलंच नसतं! त्या रात्री मी मुक्कामाला राहिलो आणि मामा-भाचे लॅपटॉपवर 'सामना' बघत बसलो. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते आज लिहून काढतो.

दाजींची माहिती बरोबर आहे. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या पत्नीही डॉक्टर. दोघांनी अनेक वर्षं दौंडमध्ये दवाखाना चालवला. जन्म १९४२ सालचा, पंढरपूरचा. शाळा सोलापूरची, हरिभाई देवकरण. तिथे शाळकरी वयातच ते रंगमंचावर उभे राहिले. नाटक आणि गाणं दोन्हींचं वेड असलेले प्रा. श्रीराम पुजारी यांच्यासारखा माणूस सोलापुरात पाठीशी मिळाला. मग पुण्याला बी. जे. मेडिकल आणि भालबा केळकरांची पीडीए. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, त्याचे दिग्दर्शक हेच. नाटक तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग या मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढे १९८०मध्ये ते युरोपात जाऊन आलं. दौंड ते पुणे म्हणजे साधारण ७५ किलोमीटर. दिवसा पोरांची तपासणी आणि संध्याकाळी पुण्यात तालीम, असा तो काळ.

म्हणजे दाजींचं उदाहरण खोटं नाही. माझं म्हणणं असं की त्यातून काढलेला धडा चुकीचा आहे.

आपल्याकडे बालकलाकार मोठा होऊन दिग्दर्शक झाला म्हटलं की दोन नावं पटकन आठवतात. सचिन आणि महेश कोठारे. सचिन 'हा माझा मार्ग एकला'मधला, कोठारे 'छोटा जवान'मधला. दोन्ही चित्रपट १९६३चे. दोघं लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर वाढले आणि पुढे त्याच धंद्यात कॅमेऱ्यामागे गेले. त्यात गैर काहीच नाही, त्यांनी लोकांना भरपूर हसवलं. तिसरं नाव माधव वझे यांचं. १९५३च्या 'श्यामची आई'तला श्याम. ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकं केली, नाटकांवर लिहिलं.

जब्बार पटेलांची वाट या तिघांपेक्षा निराळी. लहानपणी त्यांनी केलं ते नाटकातलं काम. त्याची फीत नाही, पोस्टर नाही. स्टेजवरच्या लहान मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते, की सगळे आपल्याकडे बघतायत. टाळ्या मिळतात, पाठ थोपटली जाते. त्याची चटक लागते. (आमच्या भाच्याला लागलीच आहे!) पण दिग्दर्शकाला याच्या बरोबर उलटं यावं लागतं. त्याला दुसऱ्याकडे बघायचं असतं. आणि मला असं वाटायला लागलंय, की हे उलटं वळण घ्यायला त्या दौंडच्या दवाखान्याने त्यांना मदत केली असणार.

बालरोगतज्ज्ञाचा पेशंट बोलत नाही, हे लक्षात घ्या. वर्षाचं पोर काय सांगणार, की माझ्या कानात दुखतंय म्हणून? ते नुसतं रडतं. आई सांगते एक, सासू सांगते दुसरं, बाप बाहेर बिडी ओढत उभा. डॉक्टरने सगळ्यांचं ऐकायचं, पोराकडे बघायचं आणि मग ठरवायचं. त्यातून दौंड हे जंक्शन. मनमाडची, सोलापूरची, पुण्याची आणि बारामतीची गाडी इथे मिळते. रेल्वेचे कामगार, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी, ऊसतोडीला आलेली बिऱ्हाडं, बदलीवरचे पोलीस. इतक्या तऱ्हांची माणसं पुण्यातल्या पेठेत बसून रोज भेटली असती का, मला शंका आहे.

आता त्यांचे सिनेमे बघा. 'सामना'ला साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे-पाटील आहे आणि त्याच्या राज्यात कुठूनसा येऊन पडलेला एक दारुडा मास्तर आहे. हा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं पुढे काय झालं? मारुती कांबळे स्वतः सांगायला येऊ शकत नाही. 'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री आहे, बंडखोर अर्थमंत्री आहे, कामगार पुढारी आहे; पण या सगळ्यांच्यातून ऐकत फिरतो तो दिगू टिपणीस नावाचा पत्रकार. 'उंबरठा'मध्ये सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि तिथल्या बायकांचं ऐकायला लागते. मास्तर, दिगू आणि सुलभा. तिघंही बाहेरून आलेले. तिघंही विचारणारे. आणि तिघांपैकी एकालाही पूर्ण यश मिळत नाही. मास्तर निघून जातो, दिगूचा तोल जातो, सुलभाला परतल्यावर घर आपलं वाटत नाही.

हे लेखन तेंडुलकरांचं, 'सिंहासन'च्या मुळाशी अरुण साधूंच्या कादंबऱ्या, 'उंबरठा'च्या मुळाशी शांता निसळांची 'बेघर', हे मला माहीत आहे. पण हीच माणसं निवडून त्यांच्या शेजारी कॅमेरा ठेवावासा वाटणं, हे दिग्दर्शकाचं. कॅमेरा हिंदूरावाचा तिरस्कार करत नाही. निळूभाऊंचा हिंदूराव किती प्रेमळ माणूस वाटतो अधूनमधून! डॉक्टरही पेशंटवर चिडत नाही, तसंच हे. रोग मात्र नीट दाखवतो.

भाच्याने मध्येच थांबवून विचारलं, "मामा, हा कारखाना आपल्याकडचा आहे का?"

मी म्हटलं, "नसेल. पण आपल्याकडचा वाटतोय ना?"

'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. आमच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावरची गोष्ट बर्लिनच्या लोकांना कळली. आम्ही मात्र अजून ट्रॉलीच्या मागे उभे राहून हॉर्न वाजवतोय.

'उंबरठा' आला १९८२ला. त्यानंतरचा त्यांचा मोठा मराठी चित्रपट 'एक होता विदूषक', १९९२चा. मधे दहा वर्षं. आमच्यासारखे प्रेक्षक म्हणतील, दहा वर्षं माणूस गप्प बसला. तसं नव्हतं. याच काळात आणि पुढेही त्यांनी माहितीपट केले. एस. एम. जोशींवर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींवर, कुसुमाग्रजांवर. नंतर कुमार गंधर्वांवर 'हंस अकेला' आणि पंडित शिवकुमार शर्मांवर 'अंतर्ध्वनी'. यातले कितीजणांनी पाहिलेत? हात वर करा. मीही आत्ता आत्तापर्यंत पाहिले नव्हते, त्यामुळे मी कुणाला बोलणार नाही. माहितीपट म्हटलं की आपल्याला थिएटरात सिनेमाआधी लागणारी ती फिल्म्स डिव्हिजनची काळी-पांढरी रिळं आठवतात, ज्या वेळात आपण बाहेर वडापाव खायचो. ती फिल्म्स डिव्हिजनही आता एनएफडीसीत विलीन झाली.

'हंस अकेला' मी दौंडहून परत आल्यावर बघितला. आणि एकदम चमकलो. कुमारजी स्वतः बालकलाकारच की! बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, लहान वयात मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवणारा, 'कुमार गंधर्व' हे नावही बालपणीच मिळालेलं. टाळ्याच टाळ्या. मग ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला जाऊन राहावं लागलं आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या पडून राहण्याच्या काळात कानावर माळव्यातली लोकगीतं येत राहिली आणि उठल्यावर जे गाणं आलं ते निराळंच होतं. दुसऱ्यांची गाणी गाणारा पोरगा गप्प झाला, त्याने ऐकलं आणि मग त्याचं स्वतःचं गाणं सुरू झालं. लहानपणी स्टेजवर उभा राहिलेला आणि पुढे डॉक्टर झालेला माणूस या गोष्टीकडे वळला, यात मला योगायोग कमी वाटतो.

म्हणून मला त्यांचे माहितीपट हे मोठ्या कामांच्या मधला फावल्या वेळचा उद्योग वाटत नाहीत. माझ्या मते ते त्यांच्या कामाच्या अगदी मधोमध आहेत. माहितीपटात विचारणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे असतो, म्हणजे मास्तर आणि दिगूच्या जागी दिग्दर्शक स्वतः जाऊन बसतो.

आता एक तक्रारही करतो, नाहीतर हे सगळं आरतीसारखं व्हायचं. पुढे त्यांनी थोर पुरुषांवर मोठे चित्रपट केले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २०००चा. मामुटींनी त्यात जे काम केलंय त्याला तोड नाही, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दर १ जानेवारीला आमच्या नगर रस्त्यावरून कोरेगाव भीमाजवळच्या विजयस्तंभाकडे जाणारी लाखोंची गर्दी मी पाहतो. बाबासाहेब स्वतः तिथे १९२७ साली येऊन गेले. त्या गर्दीतल्या अनेकांसाठी हा चित्रपट म्हणजे बाबासाहेबांना चालताना-बोलताना बघणं आहे, आणि त्याची किंमत माझ्यासारख्याने ठरवू नये. पण २०१४च्या यशवंतराव चव्हाणांवरच्या चित्रपटात मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. मोठा माणूस मधोमध आहे, प्रसंग ओळीने आहेत, आदर भरपूर आहे. फक्त प्रश्न विचारणारा तो बाहेरचा माणूस नाही. 'सिंहासन' काढणाऱ्याकडून मला दिगू हवा होता. तपासायला बसलेला डॉक्टर हात जोडून उभा राहिला, की रोग दिसायचा थांबतो. हे माझं मत. ज्यांना पटणार नाही त्यांनी सांगावं.

याउलट 'एक होता विदूषक' मला जास्त आवडला, जरी तो तेव्हा फार चालला नाही तरी. लक्ष्मीकांत बेर्डे, पटकथा-संवाद पु. लं.चे. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, मग राजकारणात जातो, आणि त्याची स्वतःची लहान मुलगी मात्र हसत नाही. पुन्हा तेच, न बोलणारं पोर! चौफुल्याच्या कलाकेंद्रांवरून परत येताना मला हाच सिनेमा आठवत होता. आपण त्या बोर्डांकडे चोरून बघतो, नाहीतर तोंड फिरवतो. आत बसलेल्या माणसांना काय म्हणायचंय, हे विचारायला त्या रस्त्यावर कोण थांबतं?

असो. मूळ मुद्दा भाच्याचा.

लागू, आगाशे, पटेल ही तीन नावं आपण एका दमात घेतो, पण तिघांच्या वाटा तीन. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले. 'आधी पोटाचं बघ' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण द्यायचं धाडस करू नये. आगाशे मनोविकारतज्ज्ञ, त्यांनी शिकवणं आणि रुग्णसेवा दोन्ही धरून ठेवलं. आणि पटेलांनी दौंडात दवाखाना घातला. तिघांपैकी कुणीही डॉक्टरकी विम्याच्या पॉलिसीसारखी घेतली नव्हती. पॉलिसी म्हणून कुणी एमबीबीएस करू नये. साडेपाच वर्षं मन मारून शिकलेला डॉक्टर उद्या माझ्याच नातवाला तपासायला बसायचा!

पैशाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. दवाखाना होता म्हणून दहा वर्षं मनासारखी गोष्ट मिळेपर्यंत थांबता आलं असेल. कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नसेल. घरात दुसरा डॉक्टर होता म्हणून संध्याकाळची गाडी पकडता आली असेल. एक जण तालमीत असताना दुसऱ्याने काय काय सांभाळलं असेल, ते दुसऱ्याच्या चरित्रात कधी छापून येत नाही. आमच्या भाच्याकडे यातलं काही नाही. दाजींची काळजी खरी आहे आणि ती रात्री झोपू देत नाही, हे मला दिसतं.

पण भाच्यालाही मी एक गोष्ट सांगितली. तुला नाटक करायचंय की टाळ्या घ्यायच्यात, ते आधी बघ. टाळ्या घ्यायच्या असतील तर पाचवीतलं बक्षीस पुरे आहे, फ्रेम करून ठेव. नाटक करायचं असेल तर आधी कुणाचं तरी ऐकायला शीक. त्यासाठी दवाखानाच पाहिजे असं नाही. घरात तुझे आजोबा आहेत. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. कधी विचारलंस त्यांना, की कोळसा टाकताना हात भाजायचे का म्हणून?

तो काही बोलला नाही. मला वाटलं, गेलं डोक्यावरून.

निघताना बहिणीने विचारलं, "काय ठरलं मग?" मी म्हटलं, "काही नाही." तिने माझ्याकडे असं बघितलं, की चहासुद्धा वाया गेला.

परवा भाच्याचा मोबाईलवर व्हिडिओ आला. चाळीस मिनिटांचा. अंगणात बाजेवर आजोबा बसलेत, मागे पंख्याची घरघर, मधेच गाडीची शिट्टी आणि त्या शिट्टीवर आजोबा थांबून "ही मालगाडी" म्हणतात. मी पूर्ण बघितला. मग त्याला फोन केला.

"कसा आहे मामा?"

"चांगला आहे. फक्त चाळीसपैकी पंचवीस मिनिटं तूच बोलतोयस."

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "मोजलं मी पण. परत करतोय रविवारी."

नीटचा फॉर्म भरलाय त्याने. दाजी त्यावर खूष आहेत. पुढचं पुढे बघू.